दुसऱ्याचा क्लब बुडतो तेव्हा

11 मार्च 2018 रोजी बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर सुनील छेत्रीनं पुण्याविरुद्ध तीन गोल ठोकले. इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा तो परतीचा सामना. बालेवाडीतला पहिला सामना गोलशून्य सुटला होता, त्यामुळे जो काही निकाल लागायचा तो इथंच लागणार होता. तो 3-1 असा लागला. एफसी पुणे सिटी स्पर्धेबाहेर गेला आणि बेंगळुरू एफसीच्या आम्हा पाठीराख्यांच्या वेस्ट ब्लॉक स्टँडमध्ये ढोल थांबायचं नाव घेईनात.

हा समोरचा क्लब दीड वर्षाच्या आत या जगात नसेल, असं त्या रात्री कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. ऑगस्ट 2019 मध्ये नेमकं तेच झालं. पुणे सिटीची मालकी वाधवान समूहाकडे होती. याच समूहाची दिवाण हाउसिंग फायनान्स ही कंपनी जून 2019 मध्ये रोख्यांची देणी थकवू लागली आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. घरकर्ज देणारी कंपनी कोसळताना तिच्या मालकांच्या फुटबॉल क्लबकडे पाहायला कुणाला वेळ असणार? लीगमधली पुण्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांना मिळाली. केशरी झेंडे फडकवणाऱ्या ‘ऑरेंज आर्मी’ला कुणी विचारलंसुद्धा नाही.

बेंगळुरूत त्यावर काय बोलणं झालं, ते मी विसरलेलो नाही. बोलणं म्हणजे हसणंच. मैदानावर आम्ही त्यांना हरवलं आणि सावकारानं मैदानाबाहेर, अशा धर्तीचे विनोद. फुटबॉलच्या पाठीराख्यांमध्ये हे जगभर चालतं आणि त्यात एक रांगडी मजा असते, हे मला मान्य आहे. प्रतिस्पर्ध्याचं वाईट चिंतणं हा या खेळाच्या प्रेमाचाच भाग आहे. पण प्रतिस्पर्ध्यानं हरावं आणि प्रतिस्पर्धी उरूच नये, या दोन अगदी वेगळ्या इच्छा आहेत. भारतातल्या पाठीराख्यांनी हा फरक वेळेवर ओळखला नाही, म्हणून हा लेख.

बेंगळुरूतल्या गप्पांना पैशाचा विषय कधीच वर्ज्य नव्हता. 3 मार्च 2023 ची रात्र घ्या. केरळा ब्लास्टर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात, जादा वेळेत छेत्रीनं झटकन फ्री किक घेऊन गोल केला आणि ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून निघून गेला. फुटबॉल महासंघानं त्या क्लबला 4 कोटी रुपये दंड केला, प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली. गोलाइतकीच चर्चा त्या 4 कोटींची झाली. त्यांचा एक परदेशी खेळाडू या दंडात गेला, पुढच्या मोसमात ते कुणाला आणणार, असे हिशेब कंठीरवाच्या फाटकाबाहेर रंगायचे. या शहरात मल्याळी लोक भरपूर, त्यामुळे ज्याच्याविषयी बोलायचं तो बहुधा शेजारीच उभा असायचा. तोही तितक्याच त्वेषानं उत्तर द्यायचा. ही नोकझोक निरोगी होती, कारण ब्लास्टर्स बुडणार नव्हते.

हैदराबादचं प्रकरण वेगळं होतं. पुण्याच्या जागेवर आलेल्या हैदराबाद एफसीनं मानोलो मार्केझ यांच्या मार्गदर्शनाखाली 20 मार्च 2022 रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर ब्लास्टर्सना पेनल्टींवर हरवून लीग जिंकली. पुढच्या मोसमात साखळीत दुसरा क्रमांक. आणि त्याच्या पुढच्या, 2023-24 च्या मोसमात 22 सामन्यांत फक्त एक विजय, एकूण 8 गुण, तळाची जागा. दोन वर्षांत विजेता संघ असा का कोसळतो? खेळाडू खेळ विसरत नाहीत. पगार थांबतात.

हे कसं घडतं ते नीट सांगायला हवं, कारण पाठीराख्याला फक्त निकाल दिसतो. जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडू क्लबला लेखी नोटीस देऊ शकतो. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर करार मोडून निघून जायचा त्याला हक्क असतो, आणि मागची देणी मागायचाही. परदेशी खेळाडूंकडे वकील आणि दलाल असतात, ते हा रस्ता लगेच धरतात. फिफानं देणी भरायचा आदेश दिला आणि क्लबनं तो पाळला नाही, तर नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी येते. ती देणी फिटेपर्यंत राहते, लागोपाठ तीन नोंदणी-कालावधींपर्यंत लांबू शकते. म्हणजे गेलेल्यांच्या जागी नवे घेता येत नाहीत. मग अकादमीतली कोवळी मुलं वरच्या संघात ढकलली जातात आणि प्रत्येक आठवड्याला पराभव पचवतात. हैदराबादमध्ये अगदी हेच झालं. परदेशी गेले, नावाजलेले भारतीय गेले, आणि उरलेल्या तरुणांना घेऊन थांगबोई सिंग्तो यांनी तो मोसम ओढून नेला. त्या मुलांनी त्या वर्षी जे सोसलं त्याबद्दल मला अजूनही आदर वाटतो.

थकलेल्या पगारांच्या या रांगेत सगळ्यात मागे उभी असतात ती माणसं ज्यांचं नाव कधी छापून येत नाही. जर्स्या धुणारा, बूट लावून ठेवणारा, मालिश करणारा, संघाची बस चालवणारा. त्यांना फिफाकडे जाता येत नाही. त्यांच्यासाठी दलाल नाही.

आणि आम्ही? आमच्या क्लबनं हैदराबादच्या पडझडीतून माणसं उचलली. हालीचरण नार्झारी आला, रोहित दानू आला, मग चिंगलेनसाना सिंग, निखिल पुजारी. यात गैर काही नाही. उलट त्या खेळाडूंना पगार देणारा क्लब मिळाला. पण निखिल पुजारीची वाटचाल पाहिली की गंमत वाटेनाशी होते. 2018 मध्ये तो पुणे सिटीत होता, 2019 पासून हैदराबादेत, 2024 मध्ये बेंगळुरूत. त्याच्या मागे एक क्लब संपला आणि दुसरा मोडकळीला आला. मुंबईच्या राहुल भेकेचंही तसंच. त्यानं सुरुवातीची वर्षं काढली तो मुंबई एफसी 2017 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली गेला आणि बंद पडला. मध्ये तो पुणे सिटीकडूनही खेळला. 17 मार्च 2019 रोजी मुंबईत एफसी गोवाविरुद्धच्या अंतिम सामन्यात 117 व्या मिनिटाला हेडर मारून बेंगळुरूला लीग जिंकून देणारा हाच राहुल भेके. ज्याच्या गोलावर आम्ही वेडे झालो, तो बुडालेल्या क्लबांतूनच वर आलेला होता.

पुण्याचं दुःख तर एका क्लबापुरतं नाही. 2015 ते 2019 या काळात पुण्यानं चार क्लब गमावले. अशोक पिरामल समूहानं 2007 मध्ये उभा केलेला पुणे एफसी 2009-10 मध्ये आय-लीगमध्ये तिसरा आला, 2012-13 मध्ये डेरिक परेरा यांच्या हाताखाली उपविजेता ठरला. देशात नावाजली गेलेली अकादमी त्यानं चालवली. मलप्पुरमच्या आशिक कुरुनियनसारखा मुलगा तिथं घडला आणि पुढे बेंगळुरूत निळ्या जर्सीत खेळला. मालकांनी 2015 मध्ये हात आखडता घेतला. कल्याणी समूहाचा भारत एफसी 2014-15 चा एकच मोसम खेळला. मग आला डीएसके शिवाजियन्स. मूळचा शिवाजियन्स क्लब पुण्यातलाच, 1987 चा. त्याला बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांचं पाठबळ मिळालं, इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या नावानं अकादमी सुरू झाली, 2015-16 मध्ये आय-लीगचं दार उघडलं. दोन मोसमांत सारं आटोपलं. फेब्रुवारी 2018 मध्ये ठेवीदारांच्या तक्रारींवरून कुलकर्णींना अटक झाली.

डीएसके हे नाव घेताना हसू येत नाही, निदान मराठी माणसाला तरी. निवृत्तीचे पैसे तिथं ठेवलेली कुटुंबं आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीत आहेत. त्या मोठ्या वाताहतीत फुटबॉल क्लबची दखल कोण घेणार? पण त्या अकादमीत घरदार सोडून राहिलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं होती, आणि त्यांचंही काही बुडालंच होतं.

माझा एक पुणेकर मित्र नोकरीसाठी बेंगळुरूत आला. कंठीरवावर तो आमच्याबरोबर येतो, ओरडतो, पण निळा स्कार्फ गळ्यात घेत नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, “चार वेळा झालंय रे. आता मालकाचा ताळेबंद बघितल्याशिवाय मी कुठल्या क्लबवर जीव लावत नाही.” तो हे चेष्टेनं म्हणाला नव्हता.

बेंगळुरूच्या जुन्या लोकांना हे सगळं ऐकून नवल वाटतं. या शहराचं फुटबॉल आजचं नाही. बेंगलोर मुस्लिम्स या संघानं 1937 मध्ये मुंबईत येऊन, गोऱ्या पलटणींच्या संघांची मक्तेदारी मोडून, रोव्हर्स कप जिंकला. 1938 मध्ये पुन्हा आणि 1948 मध्ये तिसऱ्यांदा. ऑस्टिन टाउन, मर्फी टाउन, अलसूरजवळचं गौतमपुरा इथल्या गल्ल्यांतून खेळाडू निघत राहिले. गौतमपुऱ्यात तर पेलेचा पुतळा आहे. स्वातंत्र्यानंतर इथला खेळ पोसला तो सरकारी कारखान्यांनी. एचएएल, आयटीआय, बीईएमएल यांचे संघ होते. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल, एअर इंडिया, रेल्वे आणि बँका हेच काम करत होत्या. त्या व्यवस्थेत पैसा थोडा होता, पण खेळाडू हा कारखान्याचा कामगार होता. संघ बंद झाला तरी नोकरी राहायची, निवृत्तिवेतन मिळायचं. एचएएलचा संघ 2012 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला, तेव्हा त्याचे खेळाडू रस्त्यावर आले नाहीत. 2010 मध्ये महिंद्रा युनायटेडनं मुंबईतला संघ बंद केला. चारच वर्षांपूर्वी, 2005-06 मध्ये, तो देशाचा विजेता होता. आपल्याकडे क्लब तोट्यानं मरतात त्याहून अधिक मालकाचं मन उडाल्यानं मरतात, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

बेंगळुरू एफसी जुलै 2013 मध्ये जन्मला तो याच पार्श्वभूमीवर. महासंघानं उद्योगसमूहांकडून थेट प्रवेशासाठी निविदा मागवल्या होत्या. बेंगळुरूचा हक्क जेएसडब्ल्यू समूहाला मिळाला, मुंबईचा डोडसल समूहाला. मुंबईचा संघ आय-लीगमध्ये उतरलाच नाही. बेंगळुरूचा उतरला आणि पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकला. त्यानंतर आणखी एक आय-लीग, दोन फेडरेशन कप, 2016 मध्ये एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोचणारा पहिला भारतीय क्लब हा मान, 2018-19 ची सुपर लीग, 2022 चा ड्युरंड कप. तरुण प्रशिक्षणार्थी, मुलींचे संघ, फुटबॉल शाळा, सगळं शिस्तीत. त्यामुळे आम्हाला वाटत राहिलं की पैशाची दुखणी ही इतरांची. आमचे मालक पोलादाचे आहेत, असं आम्ही छाती काढून सांगायचो.

4 ऑगस्ट 2025 रोजी बेंगळुरू एफसीनं जाहीर केलं की पुरुषांच्या मुख्य संघातील खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवत आहोत. युवा संघ आणि फुटबॉल शाळांना धक्का लागणार नाही, एवढा दिलासा त्यात होता.

कारण आमच्या मालकांचं दिवाळं नव्हतं. कारण लीगच उरते की नाही, हे ठाऊक नव्हतं. डिसेंबर 2010 मध्ये महासंघानं रिलायन्सशी संबंधित कंपनीबरोबर पंधरा वर्षांचा, 700 कोटींचा हक्क-करार केला होता. सुपर लीग त्या कराराच्या खांबावर उभी होती आणि 8 डिसेंबर 2025 ला तो संपणार होता. नूतनीकरण झालं नाही. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात अडकला होता. जुलै 2025 मध्ये आयोजकांनी मोसम स्थगित केला. ओडिशानं करार थांबवले, चेन्नईयिननं कामकाज थांबवलं. नोव्हेंबरमध्ये नव्या हक्कांसाठीची निविदा उघडली तर एकही बोली आलेली नव्हती. डिसेंबरमध्ये मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. मँचेस्टर सिटीचा हा मालक 2019 मध्ये 65 टक्के हिस्सा घेऊन आला होता, तेव्हा आता मुंबईचं कुणी काही बिघडवू शकत नाही असं वाटलं होतं. लिव्हरपूल पुण्यात होतं, फिओरेंतिना पुणे सिटीबरोबर होतं, डॉर्टमुंड हैदराबादबरोबर. परदेशी चिन्ह जर्सीवर शोभतं. पगाराच्या तारखेला ते उपयोगी पडत नाही.

त्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूतल्या गप्पांचा सूर एका दिवसात पालटला. काल ज्यांच्यावर हसत होतो त्या हैदराबादच्या, पुण्याच्या पाठीराख्यांना काय वाटलं असेल, हे पहिल्यांदा कळलं. मोहम्मडन स्पोर्टिंगचे खेळाडू जानेवारी 2025 मध्ये पगारासाठी सरावाला उतरले नव्हते आणि त्यांचे रशियन प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव राजीनामा देऊन गेले होते. ती बातमी वाचताना आम्ही कोलकात्याच्या अंतर्गत भांडणाची मजा बघत होतो. सहा महिन्यांत तीच वेळ आमच्याही दारी आली.

स्कॉटलंडमध्ये हा धडा फार मोठ्या किमतीला मिळाला. ग्लासगोचा रेंजर्स फेब्रुवारी 2012 मध्ये आर्थिक प्रशासनाखाली गेला, पुढे कंपनी अवसायनात निघाली आणि नव्या कंपनीच्या संघाला चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी सेल्टिकच्या पाठीराख्यांनी आईस्क्रीम आणि जेली खाऊन ही पडझड साजरी केली, गाणी रचली. 2016 मध्ये रेंजर्स वरच्या श्रेणीत परतेपर्यंतची चार वर्षं सेल्टिकनं लीग सहज जिंकली, पण त्या काळात त्यांच्याच मैदानात खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या होत्या. याच रेंजर्सशी 2019 मध्ये आमच्या बेंगळुरू एफसीनं सहकार्याचा करार केला, हेही इथं नोंदवतो.

जर्मनीत उलट उदाहरण आहे. हॅम्बुर्गचा सेंट पाउली 2003 मध्ये बुडायला आला तेव्हा बायर्न म्युनिकनं त्यांच्या मैदानावर जाऊन मदतीसाठी सामना खेळला. त्याच सुमाराला, डॉर्टमुंड अडचणीत असताना, बायर्ननं त्यांना 20 लाख युरोंचं कर्जही दिलं. जर्मन क्लबांत मतांचं बहुमत सदस्यांकडे ठेवायचा नियम आहे, त्यामुळे क्लब कुणाचा हा प्रश्न तिथं सहसा पडत नाही. आपल्याकडे तो रोज पडतो.

पुणे सिटीच्या त्या जागेचं पुढे काय झालं ते पाहा. 2024 मध्ये हैदराबादची मालकी बी. सी. जिंदल समूहाकडे गेली आणि 2025 मध्ये तो संघ दिल्लीला नेला गेला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावानं. आणि जिथून 2019 च्या त्याच ऑगस्टमध्ये दिल्ली डायनामोज उठून भुवनेश्वरला गेला होता, ती हीच दिल्ली. पुणे, हैदराबाद, दिल्ली: एकच परवाना तीन शहरांत फिरला आणि मागे राहिलेल्या दोन शहरांत फक्त जुन्या जर्स्या उरल्या. लंडनच्या विम्बल्डनचा क्लब 2002 मध्ये मिल्टन कीन्सला हलवायचं ठरलं, तेव्हा पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला आणि अगदी खालच्या श्रेणीतून वर आणला. आपल्याकडे तसं करायचं म्हटलं तर खालच्या श्रेण्यांचा जिनाच धड नाही.

6 जानेवारी 2026 रोजी क्रीडामंत्री मनसुख मांडवीय यांनी जाहीर केलं की 14 फेब्रुवारीपासून 14 क्लबांची छोटी लीग होईल, एकूण 91 सामने. त्याच्या चार दिवस आधी छेत्रीसह देशाच्या आघाडीच्या खेळाडूंना चित्रफीत काढून फिफाकडे मदतीची हाक मारावी लागली होती. लीग वाचली याचा आनंद आहे. पण ती ज्या पायावर उभी आहे तो बदललेला नाही. परवान्याच्या निकषांत नापास होणाऱ्या क्लबांना सवलत देऊन खेळू दिलं जातं, ही प्रथा तशीच आहे. या प्रथेनं क्लब वाचत नाहीत, फक्त त्यांचं मरण पुढच्या मोसमावर जातं, आणि तोवर आणखी काही पगार थकतात.

म्हणून माझं मागणं वेस्ट ब्लॉकपासून ब्लास्टर्सच्या मंजप्पडापर्यंत आणि गोव्यापासून गुवाहाटीपर्यंत सगळ्या पाठीराख्यांकडे आहे. मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक क्लबकडून वर्षभराच्या पगाराची बँक हमी घ्या आणि ती जाहीर करा, असं महासंघाला एकत्र, एका आवाजात सांगा. फक्त आपल्या क्लबसाठी मागू नका, शेजारच्या क्लबसाठीही मागा. बहुतेक क्लब ज्या कंपन्यांच्या नावावर आहेत त्यांचे वार्षिक हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर माफक शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. ते काढा, वाचा, समजलं नाही तर तुमच्यातल्या एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारा; बेंगळुरू-पुण्याच्या स्टँडमध्ये ते काही कमी नाहीत. आणि पुढच्या वेळी एखाद्या प्रतिस्पर्ध्याचे पगार थकल्याची बातमी आली, तर सामन्याच्या दिवशी त्याच्या खेळाडूंसाठी एक फलक आपल्या स्टँडमध्ये लावा. मग नव्वद मिनिटं त्यांना हवं तेवढं हरवा.